तोसदानाची वादी

मृगाच्या आधी चार दिवस आमच्या घरातलं सगळं चामडं चुलीवर जायचं. चुलीच्या वर आडवा बांबू टांगलेला असे. त्याला आजोबांच्या वहाणा, बैलांचे घुंगरांचे पट्टे, कमरेचा जाड पट्टा असं एकेक अडकवलं जाई आणि सगळ्यांत शेवटी, वेगळ्या खुंटीवर, तोसदान. रायगडच्या किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि वारा कायम खारा. उघड्यावर ठेवलेल्या चामड्याला आठ दिवसांत पांढरी बुरशी धरते, पंधरा दिवसांत त्याला कुबट वास येतो. म्हणून चामड्याने पावसाळा धुरात काढायचा आणि दसऱ्याला उंडीचं तेल पिऊन खाली यायचं. हा घरचा नेम होता.

पुढे घरात गॅस आला, चूल गेली आणि धूरही गेला. तोसदान लोखंडी कपाटात आलं. मी दर पावसाळ्यात ते पुसत होतो, तेल लावत होतो, तरी गेल्या आषाढात व्हायचं ते झालं. झाकण उघडताना डाव्या कोपऱ्यावरची वादी कट्कन तुटली आणि एकोणसाठ वर्षं एकमेकींना धरून राहिलेली गुंफण वीतभर उसवली. तुटलेला तुकडा तळहातावर घेऊन मी बराच वेळ बसून राहिलो.

तोसदान हा शब्द आता फारसा कुणी वापरत नाही. फारसी वळणाचा, फौजेतला शब्द आहे हा. शिपायाने बंदुकीची सामग्री ठेवायला कमरेला लावायची ती चामड्याची पेटी. आमच्याकडे फौज नव्हती. शेतीच्या राखणीसाठी परवाना काढलेली आजोबांची एक ठासणीची बंदूक होती आणि त्या बंदुकीसाठी गावातच शिवलेलं, काठाला दोनरंगी वादी गुंफलेलं हे तोसदान होतं.

ते होताना मी पाहिलं आहे. साल १९६६. मी आठ वर्षांचा होतो. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं, रायगड हे नाव पुढे १९८१ साली आलं. रेवदंड्याच्या खाडीवर पूल नव्हता. साळावला जायचं तर तरीत बसावं लागे आणि ओहोटी असली तर गुडघाभर चिखल तुडवावा लागे. रेवदंडा आणि मुरूड यांच्या मधलं आमचं गाव. समोर समुद्र, मध्ये नारळी-पोफळीच्या वाड्या आणि पाठीला थेट फणसाडचं रान.

तोसदान ज्यांनी केलं त्यांना सगळं गाव एकेरी हाक मारी. आजोबांपेक्षा ते दोन वर्षांनी मोठे होते, तरी आम्ही आठ-दहा वर्षांची पोरंही त्यांना नुसत्या नावाने बोलवायचो आणि त्यात आम्हाला काही खटकत नसे. इथे मी त्यांना आबा म्हणणार आहे. त्यांचा नातू त्यांना आबा म्हणायचा. तो नातू माझ्याच वर्गात होता.

मापाला आबा आमच्या अंगणात आले. पडवीच्या पायरीखाली उभे राहिले. हातात पट्टी नव्हती, दोरी नव्हती. आजोबांना म्हणाले, "भाऊ, बंदूक खांद्याला लावा. आता डोळे मिटा. छरे काढायला हात न्या." आजोबांचा उजवा हात खाली आला आणि जिथे बोटं सदऱ्याला टेकली तिथे आबांनी कोळशाने खूण केली. मग आजोबांना उकिडवं बसायला सांगितलं आणि तेच पुन्हा केलं. ही दुसरी खूण पहिलीपेक्षा दोन बोटं पुढे आली. दोन्हींच्या मधोमध तोसदान बसणार होतं. "माळ्यावर रात्री दिवा नसतो, हाताला वाट ठाऊक पाहिजे," एवढं बोलून ते गेले.

पुढचे आठ-दहा दिवस शाळा सुटली की मी ओढ्यापलीकडे त्यांच्या घरी जाऊन बसायचो. परत आलो की आजी मागीलदारी हातपाय धुतल्याशिवाय मला घरात घेत नसे. ते धुणं ओढ्याच्या चिखलासाठी नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

चामडं म्हशीचं होतं, हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं. आपल्या भाषेत कातडं 'कमावतात'. शरीर कमावलेलं असतं, गळा कमावलेला असतो, पैसा कमावलेला असतो. चामड्यालाही आपण तेच क्रियापद दिलं, कारण तेही फुकट हाती येत नाही. ओलं कातडं आधी चुन्याच्या पाण्यात आठ-दहा दिवस बुडवतात, तेव्हा केस सुटतात. मग आतला मांसाचा थर खरवडायचा आणि चुना धुऊन काढायचा. जुन्या पद्धतीत नंतर त्या कातड्याची पिशवी शिवत, तिच्यात साल-हिरड्याचा काढा भरत आणि ती झाडाला टांगत. काढा थेंबथेंब झिरपे, तो गोळा करून पुन्हा वरून ओतायचा. झाडाचा तुरट रस कातड्याच्या तंतूंत मुरला की ते कुजायचं थांबतं आणि त्याचं चामडं होतं. या कामाला आठवडेच्या आठवडे लागत. आबा चामडं विकत आणत, पण आणण्याआधी त्याची कड दातांखाली धरून पाहत. आतपर्यंत तुरट लागली तर माल पक्का, नाहीतर परत.

त्या एका चामड्यात आबांना निरनिराळे प्रदेश दिसत. पाठीकडचा भाग घट्ट विणीचा, तो झाकणाला आणि मागच्या बाजूला. पोटाकडचा भाग सैल आणि ताणणारा, तो कडेच्या घडीला, म्हणजे आत सामान गेलं की पिशवी फुगेल आणि रिकामी झाली की मिटेल. रापी त्यांच्या हातात अशी फिरे की कापल्याचा आवाजसुद्धा येत नसे. रापीला धार लावायला पायाशी काळा दगड असे आणि बाजूला पाण्याची कुंडी. तुकडे त्या कुंडीत भिजले, मऊ झाले, कच्चे टाचले गेले आणि मग त्यांच्यात वाळू भरली गेली. मी मोठ्या उत्साहाने पुळणीवरून फडकंभर वाळू आणली होती. आबांनी ती हातात घेतली आणि हसून बाजूला ठेवली. "समुद्राची नको बाळा. मीठ चामड्यात शिरलं की ते हवेतलं पाणी ओढत बसतं, कधी सुकत नाही. ओढ्यातली आण." ओढ्याची कोरडी वाळू ठासून भरलेलं ते ओलं चामडं तीन दिवस सावलीत राहिलं. वाळू काढली तेव्हा त्याला पोट आलं होतं, खांदे आले होते.

त्यानंतर वादीचा दिवस आला. माझ्या मनात आजही तो दिवस सगळ्यांत स्वच्छ आहे.

लांब वादी लांब चामड्यातून निघते, असा माझा समज होता. आबांनी तळहाताएवढी गोल चकती घेतली. तिच्या कडेला एक छोटी चीर दिली. सुटलेलं टोक नातवाच्या हातात दिलं आणि म्हणाले, "ओढ, पण घाई करू नको." लाकडाच्या ठोकळ्यात रापीचं पातं उभं रोवलेलं, त्याच्याजवळ एक खिळा. खिळा आणि पातं यांच्यात जेवढी फट, तेवढी वादीची रुंदी. नातू ओढत होता, चकती आबांच्या अंगठ्याखाली गरगर फिरत होती आणि तिच्या कडेकडेने, आत आत जात, एकच अखंड वादी बाहेर पडत होती. नातू मागे मागे सरकत अंगणात गेला, अंगणातून वाटेवर गेला. चकती संपली तेव्हा तो शेवग्याच्या झाडापाशी उभा होता.

यातलं गणित मला पुढे शाळेत कळलं. चकतीचं क्षेत्रफळ भागिले वादीची रुंदी, म्हणजे वादीची लांबी. दहा सेंटिमीटर व्यासाच्या चकतीतून तीन मिलिमीटर रुंदीची वादी काढली तर ती अडीच मीटरांहून जास्त भरते. आबांनी शाळा पाहिली नव्हती, पण काठाची वीत मोजून ते सांगत की याला अशा किती चकत्या लागतील. साध्या तिरप्या गुंफणीला काठाच्या तिप्पट-साडेतिप्पट वादी जाते. फासातून फास ओवत केलेल्या दुहेरी गुंफणीला सहा-सात पट. आजोबांचं तोसदान दुहेरी गुंफणीचं होतं.

अर्ध्या वादीला त्यांनी काळं केलं, तेही घरच्या घरी. गंजके खिळे गुळाच्या पाण्यात कित्येक दिवस आंबवलेले होते. त्या पाण्यात वादी बुडवली की चामड्यात मुरलेला हिरड्याचा तुरट रस आणि लोखंड यांची गाठ पडते आणि काळा रंग उमटतो. हा रंग वरून लावलेला नसतो, आतून आलेला असतो, म्हणून धुऊन जात नाही. जुन्या काही पोथ्यांच्या शाईतही हिरडा आणि लोखंड असे. एक वादी काळी, एक मधाच्या रंगाची. दोन्ही आळीपाळीने काठावर चढू लागल्या तेव्हा आरीने पाडलेल्या भोकांची रांग हळूहळू नाहीशी झाली आणि तिच्या जागी एक वेणी दिसू लागली.

ही गुंफण नुसती शोभेची होती असं मला कित्येक वर्षं वाटायचं. आज वाटत नाही. चामड्याला पाणी सगळ्यांत आधी कापलेल्या कडेतून लागतं आणि गुंफण ती कड पुरती झाकून टाकते. सुती दोरा कोकणातल्या दमट हवेत कुजतो, वादी तशी लवकर कुजत नाही. वादी ओली असताना ओवली की सुकताना आवळते आणि दोन्ही पदरांना अधिकच घट्ट धरते. कोपऱ्यावर आबा एकाच भोकातून तीनदा वादी काढायचे, कारण वळणावर बाहेरचा काठ लांब असतो. एकदाच ओवली तर तिथे चामडं उघडं राहतं आणि तोसदान झिजायला तिथूनच सुरुवात होते. वादी संपली की नवी जोडायची, तीही गाठ न मारता. दोन्ही टोकं रापीने तिरकी, कागदासारखी पातळ छिलायची, चिंचोक्याच्या खळीने एकावर एक बसवायची आणि दगडाने ठोकायची. जोड बोटालाही लागत नसे. शेवटचं टोक दोन पदरांच्या मध्ये शिरून नाहीसं व्हायचं. सुरुवात कुठे आणि शेवट कुठे, हे आजही मला त्या काठावर दाखवता येत नाही.

झाकणाला तीनपेडी वेणीचा फास आणि त्यात अडकणारी करवंटीची घासून गुळगुळीत केलेली खुंटी. खाली एक लहानसा गोंडा. तो कशाला, असं मी विचारलं. "हा भाऊंना नाही, मला," आबा म्हणाले. मजुरी म्हणून त्यांना आठ रुपये, दोन पायली तांदूळ आणि पाच नारळ मिळाले. पायरीखाली उभं राहूनच ते त्यांनी घेतले.

तोसदानात तीन कप्पे होते. एकात छरे, दुसऱ्यात टोप्यांची डबी, तिसऱ्यात नारळाचं सोडण. दारू वेगळी, म्हशीच्या शिंगात, लाकडी बुचाखाली, कारण चामडं कितीही चांगलं असलं तरी ओल आत घेतंच. नळीत आधी दारू, तिच्यावर सोडणाचा बोळा, गजाने ठासायचा, मग छरे, पुन्हा बोळा, शेवटी कानावर टोपी. एका बारासाठी एवढं सगळं. दुसरा बार भरेपर्यंत डुकरांचा कळप डोंगरापलीकडे गेलेला असे. त्यामुळे माणूस उगाच बार काढत नसे.

भात पोटरीला आलं की आजोबा रात्री माळ्यावर जात. एका रात्रीत डुकरं एवढी नासधूस करत की चार महिन्यांची मेहनत सकाळी चिखलात लोळत असे. ती राखण होती. पण नुसती राखणच होती असं म्हणून मी सुटका करून घेणार नाही. मार्गशीर्षात हाका निघायचा, ढोल वाजायचे, कुत्री सुटायची आणि त्यात भीती आणि आनंद दोन्ही असायचे. एकदा मी तोसदान गळ्यात अडकवून आजोबांच्या मागे गेलो होतो. बार झाला आणि करवंदीच्या जाळीत एक भेकर पडलं. मादी होती. आजोबांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तोसदान माझ्या गळ्यातून काढून स्वतःच्या कमरेला लावलं. त्यानंतर मला त्यांनी हाक्याला नेलं नाही.

आमच्या पाठीमागचं रान तर पिढ्यानपिढ्या शिकारीचंच रान होतं. फणसाड हे जंजिऱ्याच्या नवाबांचं राखीव शिकारक्षेत्र. संस्थान १९४८ साली विलीन झालं. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९८६ साली फणसाड अभयारण्य झालं. पन्नास चौरस किलोमीटरहून मोठं हे किनाऱ्यालगतचं रान आज उभं आहे, त्यात शेकरू आहे, सांबर, भेकर, पिसोरी आहे, बिबट्या आहे. रानातल्या नैसर्गिक पाणवठ्यांना इथे 'गाण' म्हणतात. जिथे नवाबाचे पाहुणे बंदूक घेऊन बसत असतील, तिथे आज सुपेगावच्या वाटेने येणारी माणसं दुर्बीण घेऊन बसतात. हा बदल या किनाऱ्याने त्याआधीही एकदा पाहिला होता. लहानपणी एअरगनने चिमणी पाडणारे आणि त्या चिमणीच्या पिवळ्या गळ्यामुळे १९०८ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दारात पोहोचलेले सालिम अली १९३०च्या सुमारास इथल्याच किहीमला राहिले, शिडीवरच्या आडोशात बसून त्यांनी सुगरणीची वसाहत तासन्‌तास पाहिली आणि त्यातून त्यांचा गाजलेला अभ्यास उभा राहिला. शिकार गेली याचं मला दुःख नाही. ती जायलाच हवी होती.

आजोबांनीही तिचं दुःख केलं नाही. कायदा आला त्या वर्षी त्यांनी हाक्याला जायचं सोडलं आणि पुढे बंदूक चौकीत जमा केली. पण कमरेला तोसदान नसलं की त्यांचा हात सारखा तिथे जायचा. एक दिवस त्यांनी ते धुतलं, तेल लावलं आणि छऱ्यांच्या कप्प्यात अडकित्ता ठेवला. टोप्यांच्या जागी चुन्याची डबी आली आणि सोडणाच्या जागी श्रीवर्धनी रोठा सुपारी. पुढची चौदा वर्षं ते पानसुपारीचं तोसदान होतं. त्यांचा हात अंधारातही बरोबर अडकित्त्यावर पडायचा. माप चुकलंच नव्हतं.

आज मी काशीदच्या किंवा मुरूडच्या पुळणीवर फिरतो तेव्हा जवळजवळ प्रत्येकाच्या कमरेला एक पिशवी दिसते. नायलॉनची, साखळी लावलेली, हलकी, पावसाला न भिणारी. तिच्यात फोन राहतो, गाडीची किल्ली राहते. सोयीची आहे, मीही वापरतो. साखळी बिघडली की फेकून देतो आणि दुसरी घेतो. माझ्या हयातीत मी अशा किती पिशव्या फेकल्या ते मोजता येणार नाही. आजोबांनी एक वापरली आणि ती त्यांच्यामागे उरली.

चामडंही बदललं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्रोमच्या क्षारांनी कातडं कमावायची रीत आली आणि आठवड्यांचं काम दिवसावर आलं. ते चामडं मऊ आणि पाण्याला चिवट असतं, पण ओल्या वाळूने दिलेला आकार ते धरून ठेवत नाही. राज्यात गायींच्या कत्तलीवर १९७६च्या कायद्याने बंदी आली, २०१५ साली ती बैलांनाही लागू झाली आणि कारागिराच्या हाती मुख्यतः म्हशीचं आणि शेळी-मेंढीचं चामडं उरलं. गावचा कारागीर मात्र त्याच्या कितीतरी आधी उठून गेला होता.

तो का गेला, याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. १९ आणि २० मार्च १९२७ या दोन दिवशी महाडला परिषद भरली. चवदार तळ्याचं पाणी सगळ्यांना आठवतं. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढायचं, मृत मांस खायचं सोडा, असं सांगितलं होतं. गावाला लागणारं चामडं ज्या साखळीतून यायचं, तिची प्रत्येक कडी कुणाच्या ना कुणाच्या जन्माला बांधलेली होती. एकाने मेलेलं जनावर ओढायचं, दुसऱ्याने कातडं कमवायचं, तिसऱ्याने ते शिवायचं आणि तिघांनीही पायरीखाली उभं राहायचं. ती साखळी तुटली याबद्दल हळहळ करण्याचा अधिकार मला नाही. माझ्या मनाची ओढ आहे ती चकतीतून अखंड वादी काढणाऱ्या त्या हाताकडे. गावाने त्या हाताचं काम घेतलं आणि त्या माणसाला पायरीखाली ठेवलं. कामाबरोबर मानही दिला असता, तर कदाचित नातवानेही ते काम घेतलं असतं.

असं होऊ शकतं, याचं एक उदाहरण घाटावर आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांच्या नावाने. हिरड्या-बाभळीत कमावलेलं चामडं, हाताची शिवण आणि वर वादीची वेणी, हे सगळं तिथे अजून चालू आहे. जून २०२५मध्ये मिलानच्या मंचावर प्राडाने तशाच चपला आणल्या, गदारोळ झाला आणि त्यांचं मूळ कोल्हापुरीत असल्याचं त्या कंपनीने मान्य केलं. या उत्तर कोकणच्या किनाऱ्याचंही नाव चामड्यासाठी एकदा असंच दूरवर गेलं होतं. तेराव्या शतकात मार्को पोलोने ठाण्याबद्दल लिहिताना तिथून बाहेर जाणाऱ्या उत्तम चामड्याची नोंद केली आहे. आज अलिबाग-मुरूडच्या दुकानांत शंखशिंपल्यांच्या माळा मिळतात, हाताने वादी गुंफलेली एक वस्तू मिळत नाही.

ते मला तुटलेली वादी घेऊन हिंडताना कळलं. एका ठिकाणी रेक्झिनची पट्टी दाखवली. दुसऱ्या ठिकाणी मशीनवर टीप मारून देतो म्हणाले. तिसऱ्याने तोसदान उलटंसुलटं करून पाहिलं, कोपऱ्यावर बोट फिरवलं आणि म्हणाला, "हे ज्यांनी केलंय, त्यांच्याच घरी न्या."

आबांचा नातू जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाला आणि आता रोह्याला असतो. आम्ही चौथीपर्यंत एका बाकावर होतो. मी गेलो तेव्हा त्याने मला आत बसवलं, चहा झाला आणि मी तोसदान पुढे ठेवलं. तो काही बोलला नाही. चष्मा लावून त्याने काठावरून अंगठा फिरवला, कोपऱ्यावर थांबला, गोंडा दोन बोटांत धरला.

"आबांनी मला कधी आरीला हात लावू दिला नाही," तो म्हणाला. "म्हणायचे, तू शीक. ही भोकं माझ्याबरोबर संपू देत. फक्त वादी ओढायला बसवायचे. एकट्याने ती निघत नाही ना."

मग तो उठला आणि आतून फडक्यात गुंडाळलेली रापी घेऊन आला. मूठ आबांच्या हाताने झिजून एका बाजूला खोल गेलेली. "सगळं गेलं, ही ठेवली," म्हणाला. मी कोल्हापूरहून मागवलेला चामड्याचा तुकडा सोबत नेला होता. त्याने वाटी ठेवून गोल आखला. पहिली चकती बिघडली, वादी कुठे रुंद तर कुठे केसासारखी निघाली आणि तुटली. दुसरीही तुटली. तिसऱ्या वेळी त्याने पातं उभं धरलं, खिळ्याच्या जागी स्वतःच्या अंगठ्याचं नख टेकवलं आणि सुटलेलं टोक माझ्या हातात दिलं.

"ओढ. पण घाई करू नको."

मी मागे सरकत गेलो. खोलीतून पडवीत, पडवीतून अंगणात. सदुसष्ट वर्षांचे दोघं, मध्ये लांबत जाणारी एक वादी. चकती संपली तेव्हा तो आतून ओरडला, "किती झाली?" मी हाताने मोजली. साडेपाच हात.

गुंफण त्याला येत नव्हती. मलाही येत नव्हती. जिथे उसवलेलं नव्हतं तिथली वेणी पाहत, एकेक फास सोडवून समजून घेत, आम्ही ती वीतभर कड भरायला दोन दिवस घेतले. कोपऱ्यावर आलो तेव्हा त्याने वादी एकदा ओवली, थांबला, मोजलं, आणि त्याच भोकातून पुन्हा दोनदा काढली. आमची गुंफण आबांच्या गुंफणीशेजारी ओबडधोबड दिसते. फास सारखे नाहीत आणि शेवटचं टोक लपता लपत नाही. पण ती धरते.

इतकी वर्षं मी हे तोसदान माझ्या आजोबांचं म्हणून जपलं होतं. त्या दोन दिवसांत त्याचा अंगठा ज्या रीतीने त्या काठावरून फिरत होता, ते पाहून मला कळलं की त्याच्या घरात त्याच्या आजोबांच्या हातची एकही वस्तू नाही. त्यांनी आयुष्यभर जे केलं ते सगळं गावाच्या पायांत आणि गावाच्या कमरेला गेलं. निघताना मी तोसदान उचललं नाही. तो दारापर्यंत घेऊन आला, तेव्हा एवढंच म्हणालो, "राहू दे इथे. पावसाळ्यात तेल लाव." तो मागे वळला आणि रापी जिथे ठेवली होती त्याच फळीवर त्याने ते ठेवलं.

उरलेली वादी माझ्याकडे आहे. दीड हात असेल. वेटोळं करून ती मी मेजाच्या खणात ठेवली आहे. यंदाच्या दसऱ्याला तिला उंडीचं तेल लावलं.